असल्यास

आपल्याकडच्या छापील अर्जांवर एक शब्द इतक्या अदबीने उभा असतो की त्याच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. ‘दूरध्वनी क्रमांक, असल्यास’. ‘पूर्वीचे आडनाव, असल्यास’. ‘प्रकाशित पुस्तके, असल्यास’. अर्ज भरणाऱ्याला तो सांगतो की ही जागा कोरी राहिली तरी चालेल. आणि अर्ज वाचणाऱ्याला सांगतो की इथे काही दिसले नाही तर दचकू नका, त्या कोरेपणालाही अर्थ आहे. वीस-बावीस वर्षे मराठी शिकवूनही या शब्दापाशी मी कधी थांबले नव्हते. तो मला खऱ्या अर्थाने दिसला तो गेल्या पावसाळ्यात, आणि तोही एका संगणकभाषेच्या निमित्ताने.

आमच्या महाविद्यालयाच्या संगणकशास्त्र विभागातले एक तरुण सहकारी एके दिवशी स्टाफरूममध्ये वीसेक पानांचा गठ्ठा घेऊन आले. ते हास्केल नावाची भाषा शिकवतात. वर्गातली बरीच मुले मराठी माध्यमातून आलेली. त्यांना कल्पना कळतात, पण इंग्रजी वाक्ये ओलांडून कल्पनेपर्यंत पोचेतो तास संपतो. म्हणून त्यांनी मराठीत टिपणे करायला घेतली होती. “मॅडम, वाक्यं मी लिहितो. शब्द तेवढे तुम्ही बघा,” असे त्यांचे म्हणणे. संगणकाशी माझा संबंध टंकलेखनाचा आणि सत्राच्या शेवटी गुण भरण्याचा, एवढाच. तरी ‘शब्द तेवढे’ हे आमिष मराठीच्या शिक्षकाला पुरेसे असते.

हास्केलची जन्मकथा आपल्या कोशमंडळांची आठवण करून देते. एकाच विचाराच्या अनेक लहान-मोठ्या भाषा निरनिराळ्या विद्यापीठांत विखुरलेल्या होत्या. १९८७ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंड येथे भरलेल्या परिषदेत काही संशोधकांनी सर्वांना समाईक अशी एक भाषा सिद्ध करण्यासाठी समिती नेमण्याचे ठरवले, आणि १ एप्रिल १९९० रोजी त्या भाषेचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. नाव दिले ते हास्केल करी (१९००-१९८२) या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाचे. या भाषेत लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये, वेगळे सांगावे न लागता, एक छोटे ग्रंथालय आपोआप हजर असते. त्याचे नाव ‘प्रील्यूड’. वर्ड्सवर्थच्या दीर्घ कवितेमुळे हे नाव आम्हा साहित्याच्या माणसांना ओळखीचे. मी त्याला ‘नांदी’ हा शब्द सुचवला. संगीत नाटकात पात्रे येण्याआधी नांदी होते, तसे प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिण्याआधी प्रील्यूड होऊन गेलेले असते. सहकाऱ्यांना शब्द आवडला आणि माझा हुरूप वाढला.

या नांदीत मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक म्हणजे मूळ प्रकार. प्रकार म्हणजे एखाद्या जागी कोणकोणती मूल्ये येऊ शकतात याची आगाऊ दिलेली कबुली. ‘बूल’ या प्रकारात दोनच मूल्ये आहेत, खरे आणि खोटे. ‘ऑर्डरिंग’मध्ये तीन: लहान, समान, मोठे. एक प्रकार तर असा आहे की त्यात एकच मूल्य आहे; त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नसते, फक्त ‘झाले’ एवढे ते कळवते. प्रोग्रॅम चालवण्याआधीच हे प्रकार एकमेकांशी जुळतात की नाही हे तपासले जाते. ‘मोठी घर’ असे कुणी लिहिले तर त्या घरात काय घडले हे कळण्याआधीच आपला कान अडखळतो. लिंगवचनाची ही जुळणी जशी अर्थाच्या आधी तपासली जाते, तसेच काहीसे इथे आहे. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला या भाषेत परकेपणा वाटेना, तो यामुळेच.

अडचण आली ती ‘मेबी’पाशी. सहकाऱ्यांनी तिथे ‘कदाचित’ असे लिहून ठेवले होते. मला ते खटकले. ‘कदाचित’ हा बोलणाऱ्याच्या मनातला संशय आहे. ‘कदाचित पाऊस येईल’ म्हणणाऱ्याला आकाशाबद्दल खात्री नसते. ‘मेबी’ या प्रकारात मात्र संशय कसलाच नाही. ते एक पाकीट आहे. त्यात एक तर वस्तू असते, तिला ‘जस्ट’ म्हणतात. किंवा ते रिकामे असते, त्याला ‘नथिंग’ म्हणतात. पाकीट उघडले की दोहोंपैकी एक गोष्ट निश्चितपणे कळते. ‘मेबी’च्या पुढे ‘पूर्णांक’ लिहिले की अर्थ होतो, इथे पूर्णांक असेल किंवा नसेल, आणि नसण्याची शक्यता आम्ही आधीच मान्य केली आहे. हे समजून घेताना मला अर्जांवरचा तो अदबशीर शब्द आठवला. ‘पूर्णांक, असल्यास’. सहकारी क्षणभर गप्प झाले आणि मग त्यांनी ‘कदाचित’वर काट मारली. ‘जस्ट’ला ‘फक्त’ म्हणणे चुकीचे होतेच. त्याला आम्ही ‘आहे’ म्हटले, आणि ‘नथिंग’ला ‘नाही’.

हा प्रकार मुळात लागतो कशाला, असे मी विचारले. उत्तरात त्यांनी टोनी होअर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेची रचना करताना होअर यांनी ‘नल’ नावाची सोय केली. कुठल्याही वस्तूचा निर्देश जिथे असायला हवा तिथे हा ‘नल’, म्हणजे ‘कशाचाच निर्देश नाही’, ठेवता येई. ही सोय करणे सोपे होते म्हणून केली गेली. पुढे असंख्य भाषांनी ती उचलली. परिणाम असा झाला की कोणतीही जागा रिकामी असू शकते, पण कोणत्याही जागेवर तसे लिहिलेले नसते. माणूस भरलेली समजून हात घालतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. २००९ साली लंडनच्या एका परिषदेत होअर यांनी या निर्मितीला स्वतःची अब्ज डॉलरांची चूक म्हटले. एवढ्या मोठ्या माणसाने चव्वेचाळीस वर्षांनी उभे राहून ‘हे मी केले’ म्हणावे, याचे मला त्या वेळी कौतुक वाटले. कौतुकापलीकडचे जे काही होते ते पुढच्या पानावर आले.

तिथे विद्यार्थ्यांसाठी सराव दिला होता. ‘एका वर्गाच्या गुणांची यादी दिली आहे. काही गुण नाहीत. “नाही”च्या जागी शून्य ठेवणारे फंक्शन लिहा.’ माझी पेन्सिल तिथे थांबली.

२०११ सालची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या एका महाविद्यालयात होते. तृतीय वर्षाच्या मुलांची अंतर्गत मूल्यमापनाची वीस गुणांची चाचणी होती, आणि तीत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागे. चाचणीच्या दिवशी एक विद्यार्थिनी गावी गेली होती. घरात आजारपण होते. पुढच्या आठवड्यात येऊन लिही, असे मीच तिला सांगितले. ती आली, विभागातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून तिने उत्तरे लिहिली. अर्वाचीन कवितेवरचे तिचे उत्तर मला आजही आठवते, कारण त्यात पाठ्यपुस्तकातले एकही वाक्य नव्हते. मी तिला सतरा गुण दिले आणि ते माझ्या डायरीत टिपून ठेवले. यादी भरताना मात्र समोर होती ती चाचणीच्या दिवशीची हजेरी. तिच्या नावापुढची जागा मी कोरी सोडली, डायरी पाहून नंतर भरू म्हणून. ती तशीच राहिली. यादी संगणकात गेली. तिथे कोऱ्या जागेला राहायला घर नव्हते. ती शून्य होऊन बाहेर पडली. छापून आलेल्या यादीच्या तळाशी ‘पडताळून पाहिले’ या शब्दांखाली सही आहे, ती माझी.

ती अनुत्तीर्ण झाली. चूक उमगेपर्यंत चार महिने गेले होते आणि एम.ए.चे प्रवेश संपले होते. अर्ज झाले, पत्रे झाली, दुरुस्त गुणपत्रिका आली. ती न्यायला ती आली तेव्हा मी तिला विचारले, “अगं, तू लगेच का नाही आलीस माझ्याकडे?” ती म्हणाली, “मॅडम, शून्य दिसलं तेव्हा मला वाटलं, तुम्हाला माझं उत्तर खरंच आवडलं नसेल.” पुढच्या जूनमध्ये एम.ए.च्या प्रवेशयादीत मी तिचे नाव शोधले. ते नव्हते.

यंत्राची चूक, कारकुनाची चूक, घाईची चूक अशी नावे मी या प्रसंगाला अनेकदा देऊन पाहिली आहेत. पण तिच्या त्या वाक्याचा जाच त्या नावांनी कमी होत नाही. कोऱ्या जागेचे शून्य झाले तेव्हा केवळ माहितीत बिघाड झाला नव्हता. माझ्या नावाने एक अभिप्राय तयार झाला होता, जो मी कधी दिलाच नव्हता. आणि तिने तो एखाद्या शहाण्या विद्यार्थिनीसारखा, मान खाली घालून, स्वीकारला होता.

हे सारे मी सहकाऱ्यांना सांगितले. त्यांनी सांत्वन केले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. टिपणाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी एक व्याख्या लिहिली: नोंद म्हणजे ‘बाकी’, किंवा ‘गैरहजर’, किंवा ‘गुण’ आणि त्यासोबत एक पूर्णांक. म्हणाले, “तुमच्या कोऱ्या जागेचे तीन अर्थ होते, मॅडम. परीक्षेला बसली नाही, हा एक. बसली आणि शून्य मिळाले, हा दुसरा. गुण अजून भरायचे आहेत, हा तिसरा. नुसता ‘मेबी’ वापरला असता तरी पहिला आणि तिसरा एकत्रच राहिले असते. इथे आपला प्रकार आपणच घडवायचा.” हास्केलमध्ये नवा प्रकार घडवायला एक ओळ पुरते. प्रील्यूडमधले प्रकारही असेच, कुणीतरी एका-एका ओळीत घडवलेले आहेत. त्या ओळीत शक्यतांची पूर्ण यादी द्यावी लागते. ‘इत्यादी’ म्हणण्याची मुभा नसते. पुढे त्या नोंदीवर काम करणाऱ्या फंक्शनमध्ये एखादी शक्यता विचारात घ्यायची राहिली, तर सूचना चालू ठेवली असल्यास भाषा ते नजरेस आणून देते. ‘गैरहजर’ला संख्या समजून बेरजेत घालू पाहिले, तर ती सरळ नकार देते.

मग शून्यच का पुढे येते, हा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर नांदीतल्या दुसऱ्या भागात होते. या भागात प्रकार नसतात, तर प्रकारांनी करायची कामे असतात. हास्केलमध्ये त्यांना ‘टाइप क्लास’ म्हणतात. इद्रिस या स्कॉटलंडमध्ये घडलेल्या नंतरच्या भाषेत सरळ ‘इंटरफेस’. त्यातला एक ‘मोनॉइड’. ज्या प्रकारातली दोन मूल्ये एकत्र करून त्याच प्रकारचे मूल्य मिळते, आणि ज्यात असे एक मूल्य असते की ते मिसळल्याने काहीच बदलत नाही, तो प्रकार मोनॉइड. अक्षरमालांची जोडणी करताना रिकामी अक्षरमाला अशी निरुपद्रवी असते. संख्यांची बेरीज करताना शून्य. गुणाकार करताना मात्र एक. म्हणजे ‘काहीच नाही’ हे मूल्य स्वयंभू नसते, ते कोणती क्रिया चालली आहे यावर ठरते. बेरजेला शून्य खरोखर निरुपद्रवी आहे, म्हणून बेरीज करणारे यंत्र कोऱ्या जागी ते बिनदिक्कत ठेवते. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवताना तेच शून्य निरुपद्रवी राहत नाही.

या कामांच्या समूहाला मराठीत काय म्हणावे, यावर आमचे दोन दिवस गेले. ‘जात’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. व्याकरणात आपण ‘शब्दांच्या जाती’ म्हणतोच, आणि मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आपल्या वर्गांपर्यंत हा विषय चालत आला आहे. शिवाय एक साम्यही आहे. ‘तो मागे बसला’ यातले ‘मागे’ क्रियाविशेषण आहे आणि ‘घरामागे विहीर आहे’ यातले शब्दयोगी अव्यय. शब्दाची जात तो वाक्यात काय काम करतो यावरून ठरते. पण व्याकरणाबाहेर हा शब्द याच्या नेमका उलट, जन्मावर बोट ठेवतो. आणि टाइप क्लासचे वैशिष्ट्य तर हे की प्रकार जन्माला येताना त्याच्यावर कुळाचा शिक्का मारावा लागत नाही. तो आधी घडतो. त्याला काय काय करता येते हे नंतर, स्वतंत्रपणे, दुसऱ्यालाही जाहीर करता येते. फिलिप वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी ही रचना १९८९ मध्ये मांडली. आम्ही शेवटी ‘करार’ हा शब्द पक्का केला. ‘शो’ म्हणजे स्वतःला अक्षरांत दाखवण्याचा करार, ‘ईक्यू’ म्हणजे समानता ठरवता येण्याचा करार, ‘ऑर्ड’ म्हणजे क्रम लावता येण्याचा. सगळेच प्रकार सगळे करार करत नाहीत, हेही मला मोलाचे वाटले. दोन फंक्शने समान आहेत का, असे प्रील्यूडला विचारले तर ते उत्तर देत नाही. प्रश्नच अमान्य करते. दोन रसग्रहणांना साडेसहा आणि सात असे क्रमाने बसवणाऱ्या आपल्यासारख्यांनी या अमान्यतेकडे जरा आदराने पाहायला हवे.

‘ईदर’ने मात्र आम्हाला अनपेक्षित आनंद दिला. ‘नाही’ नुसते नाही म्हणते, कारण सांगत नाही. ‘ईदर’ कारण सांगते. त्यात ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ अशा दोन बाजू असतात. संकेत असा की फसलेल्या कामाचे कारण डावीकडे ठेवायचे आणि जमलेले उत्तर उजवीकडे, कारण इंग्रजीत ‘राइट’ म्हणजे बरोबरही. अशी कोटी भाषांतरात हमखास मरते. मराठीत ती जिवंत राहिली! आपल्याकडेही सरस ठरणारा ‘उजवा’ असतो, तुलना करताना आपण ‘डावे-उजवे’ करतो, आणि ‘डावलणे’ या क्रियापदात डावी बाजू ऐकू येतेच. त्या मुलीच्या नावापुढे डावीकडे ‘घरी आजारपण, नंतर चाचणी’ एवढे कारण असते, तर यादी वाचणाऱ्या कुणीतरी मला डायरी उघडायला लावली असती.

इथवर आल्यावर माझा समज असा होऊ लागला होता की ही भाषा माणसाला चुकूच देत नाही. सहकाऱ्यांनी तो मोडला. प्रील्यूडमध्येच ‘हेड’ नावाचे फंक्शन आहे, यादीतला पहिला घटक काढून देणारे. यादी रिकामी असली की ते कोसळते, आणि त्याच्या प्रकारात या धोक्याची कबुली नाही. त्याबद्दलची सूचना प्रमुख कंपायलर आपणहून देऊ लागला तो २०२३ साली. करारांचे तर त्याहून नाजूक. प्रत्येक करारासोबत काही नियम असतात. प्रत्येक मूल्य स्वतःशी समान असावे, निरुपद्रवी मूल्य खरोखर निरुपद्रवी असावे, असे. पण भाषा तपासते ती फक्त आकाराची जुळणी; नियम पाळले की नाही, हे ती तपासत नाही. दशांश संख्यांच्या प्रकाराने समानतेचा करार केलेला आहे, तरी शून्याला शून्याने भागून येणारे ‘संख्या नव्हे’ हे मूल्य स्वतःशीच समान नसते. करार आहे, सही आहे, आणि नियम मोडलेला आहे.

हे ऐकताना मला यादीच्या तळाशी असलेली माझी सही दिसत होती. प्रकार जे काम माणसाकडून काढून यंत्राला देतात, ते देण्याजोगेच आहे: कोरे आणि शून्य यांची गल्लत होऊ न देणे, प्रत्येक शक्यतेसमोर माणसाला उभे करणे. ‘पडताळून पाहिले’ हे मात्र कुठल्याच प्रकारात बसत नाही. तो करार आहे, आणि तो पाळला गेला की नाही हे शेवटी सही करणाऱ्यालाच ठाऊक असते.

आता त्या सरावाविषयी. ‘नाही’च्या जागी शून्य ठेवणे हास्केलमध्ये अवघड नाही, प्रील्यूडमध्ये त्यासाठी फंक्शन आहे. पण त्याला ‘नसल्यास काय द्यायचे’ हे स्पष्टपणे सांगावे लागते. शून्य आपोआप उगवत नाही, ते कुणीतरी हाताने लिहावे लागते. याउलट ‘फंक्टर’ या कराराने गुणांवर काही क्रिया केली, समजा सर्वांना दोन वाढीव गुण दिले, तर जिथे गुण ‘आहे’त तिथे ते वाढतात आणि जिथे ‘नाही’ आहे तिथे ‘नाही’च राहते. मी सहकाऱ्यांना म्हटले, सराव तसाच ठेवा, फक्त त्याच्या आधी एक घाला. त्यांनी घातला. छापील टिपणांत तो आता असा आहे: ‘एका वर्गाच्या नोंदींची यादी दिली आहे. ज्यांचे गुण बाकी आहेत, जे गैरहजर आहेत आणि ज्यांना शून्य गुण आहेत, त्यांच्या तीन वेगळ्या याद्या करा. यादी रिकामी असल्यास तसे लिहा.’

शेवटच्या वाक्यातला ‘असल्यास’ माझा आहे.